थांबायचं ते मशीनसाठी, प्रोसेसरसाठी नव्हे

"ताई, नमस्कार. चोपड्याला माझा फोटो स्टुडिओ आहे. शूटिंग, अल्बम, एडिटिंग सगळं मीच बघतो, सीझनला एक मुलगा हाताखाली असतो. २०१९ मध्ये जळगावहून मशीन असेंबल करून आणलं. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६५० कार्ड. दिवाळीत नवा कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून टाइमलाइन अडकायला लागली. पाच मिनिटांच्या हायलाइटला रात्र जाते, पार्टी रोज फोन करते. प्रोसेसर बदलायचं ठरवून ४५ हजार बाजूला काढलेत. दुकानदार म्हणतो रायझन ७ ७७०० घ्या आणि आजच घ्या, रॅम रोज वाढतेय. पुण्याला आयटीत असलेला मामेभाऊ म्हणतो, वर्षाअखेर नवी पिढी येतेय, आता घेशील तर फसशील. आई म्हणते, 'चाली ऱ्हायनं ना, मंग काबरं लेस?' पौषात काम जरा हलकं आहे, तोवर ठरवायचंय. काय करू?"

भाऊ,

आधी उत्तर सांगते, मग कारणं. प्रोसेसर आताच घ्या, पण ७७०० घेऊ नका. आहे त्याच बोर्डावर बसणारा रायझन ७ ५७००एक्स घ्या. नव्या मशीनसाठी मात्र थांबा, निदान पुढच्या तुळशीच्या लग्नापर्यंत. आणि पैसे मोजण्याआधी एक संध्याकाळ मशीनसमोर बसून थोडी तपासणी करा, कारण तुमच्या पत्रात एक धागा आहे ज्याच्याकडे दुकानदाराचंही लक्ष गेलं नाही आणि मामेभावाचंही.

अडकणं सुरू झालं ते नव्या कॅमेऱ्यापासून. दिवाळीच्या आधी याच मशीनवर तुम्ही लग्नं पोचवत होतात. ते मशीन एका सणात म्हातारं झालं नाही, त्याच्यापुढे येणारं काम बदललं. आजकालचे बरेच कॅमेरे एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करण्याची एक पद्धत), १० बिटमध्ये आणि ४:२:२ रंगात रेकॉर्डिंग करतात. जुने कॅमेरे बहुतेक ८ बिट आणि ४:२:० मध्ये करायचे. ४:२:२ मध्ये रंगाची माहिती ४:२:० च्या दुप्पट साठवली जाते. ग्रेडिंग म्हणजे रंग सुधारताना, हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल सांभाळताना ती उपयोगी पडते, हे खरंच. पण फाइल उलगडताना (डीकोड करताना) अडचण अशी की एच.२६५ मधलं ४:२:२ तुमच्या १६५० कार्डाला उलगडता येत नाही. ४:२:० असेल तर कार्ड ते काम स्वतःकडे घेतं आणि प्रोसेसर मोकळा राहतो. ४:२:२ आलं की कार्ड हात वर करतं आणि सगळा भार २६०० च्या सहा कोअरवर, म्हणजे त्याच्या आतल्या काम करणाऱ्या भागांवर पडतो. दोन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावलं की टाइमलाइन थांबलीच.

म्हणून आधी एवढं करा. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि नव्या कॅमेऱ्याची एक फाइल त्यात उघडा. त्यात क्रोमा सबसॅम्पलिंगपुढे ४:२:२ लिहिलेलं असलं तर माझा अंदाज बरोबर. मग जो प्रोजेक्ट सगळ्यात जास्त अडकतो तो चालवा आणि टास्क मॅनेजरचा परफॉर्मन्स भाग बाजूला उघडा ठेवा. प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकला आहे, की मेमरी नव्वदच्या वर गेली आहे, की डिस्क शंभरावर अडकली आहे, हे डोळ्यांनी बघा. डिस्क अडकलेली दिसली तर फुटेज जुन्या हार्ड डिस्कवरून चालवत असाल. अशा वेळी चालू प्रोजेक्ट एसएसडीवर ठेवला की बराच फरक पडतो, आणि प्रोसेसर बदलून काहीच पडत नाही.

४:२:२ निघालं तर दोन उपाय फुकटात आहेत. पहिला कॅमेऱ्याच्या मेन्यूत: १० बिट तसंच ठेवून ४:२:० चा पर्याय बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो. वरात, जेवणाच्या पंगती, स्टेजवरचे फोटोसेशन यांना ४:२:० पुरून उरतं. प्री-वेडिंग, किंवा जिथे रंगावर मेहनत घेणार आहात, तिथे ४:२:२ ठेवा. दुसरा उपाय प्रॉक्सीचा. रात्री स्टुडिओ बंद करताना फुटेजच्या हलक्या प्रती बनवायला लावा, सकाळी त्या हलक्या प्रतींवर कापाकापी करा. एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअर आपोआप मूळ फाइल वापरतं, दर्जा कुठेही कमी होत नाही. डिस्कवर जागा जास्त लागते, एवढीच त्याची किंमत. लग्नाचं एडिटिंग करणाऱ्या प्रत्येकाने प्रॉक्सीची सवय लावावी असं मला मनापासून वाटतं, मग मशीन कितीही महागडं असो.

आता दुकानदाराचा ७७००. प्रोसेसर चांगलाच आहे, त्यात वाद नाही. पण तो एएम५ सॉकेटचा, सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा. तुमचा बी४५० एएम४ चा, त्यावर तो बसणार नाही. म्हणजे नवा बोर्ड आला. एएम५ वर फक्त डीडीआर५ रॅम चालते, म्हणजे तुमची आहे ती डीडीआर४ रॅम बाद आणि नवी रॅम आली. तुम्ही प्रोसेसर घ्यायला निघालात आणि हातात अख्ख्या मशीनचं बिल येणार. आजच्या भावात ३२ जीबी डीडीआर५ घेतली तर तुमच्या पंचेचाळीस हजारांतला फार मोठा वाटा तीच खाईल. आणि मला सगळ्यात खटकतं ते हे, की ७७०० च्या आत जे ग्राफिक आहे तेही एच.२६५ चं ४:२:२ उलगडत नाही. ज्या अडचणीसाठी घर खाली करायचं, ती अडचण कोअर जास्त ताकदीचे आले म्हणून थोडी हलकी होईल, जाणार नाही.

रॅमबद्दल मात्र दुकानदार खोटं बोलत नाही. जगातली जवळजवळ सगळी रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना जी खास वेगवान मेमरी लागते, ती याच कारखान्यांतून, त्याच सिलिकॉनच्या चकत्यांवर तयार होते आणि तिच्यात या कंपन्यांना नफा जास्त आहे. त्यामुळे आपल्या घरगुती मशीनच्या वाट्याला माल कमी येतो. २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत रॅमचे भाव दुपटीच्या पुढे गेले ते यामुळे. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने 'क्रुशल' हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. एसएसडीचे भावही याच वाऱ्याने वर गेले. "थांबलं की स्वस्त होतं" हा संगणकाच्या बाजारातला समज नेहमी खरा ठरत नाही. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि डिस्कचे भाव बघता बघता दुप्पट झाले. ते पटकन खाली आले नाहीत. २०२१ मध्ये ग्राफिक कार्डांचं तेच झालं.

पण यातून दुकानदार जो निष्कर्ष काढतो तो मला मान्य नाही. रॅम महाग झाली आहे, म्हणूनच रॅम लागणार नाही असा रस्ता शोधायचा. तुमच्याकडे १६ जीबी चालू डीडीआर४ पडलेली असताना डीडीआर५ च्या ऐन तेजीत जाऊन उभं राहायचं कशाला? तेजीत माल विकायचा असतो, हे कापूस आणि केळी पिकवणाऱ्या मुलखात मी वेगळं सांगायला नको.

मामेभावाचंही अर्धं बरोबर आहे. इंटेलने 'नोव्हा लेक' ही पुढची पिढी २०२६ च्या अखेरीस आणायचं सांगितलं आहे. रायझन बनवणाऱ्या एएमडीनेही एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ असं जाहीर केलं आहे, म्हणजे त्या सॉकेटवर अजून नवे प्रोसेसर येणार हे धरून चाला. पण नवी पिढी "येते" म्हणजे तुमच्या खिशाला परवडणारा प्रोसेसर येतो असं नाही. रायझन ५००० ही मालिका नोव्हेंबर २०२० मध्ये आली, तेव्हा आधी महागडी मॉडेलं आली. साधा ५६०० आणि मी तुम्हाला सुचवते आहे तो ५७००एक्स एप्रिल २०२२ मध्ये आले, जवळजवळ दीड वर्षाने. पुढच्या पिढीत कदाचित इतका उशीर होणार नाही, पण वर्षाअखेर घोषणा झाली म्हणजे तुळशीच्या लग्नाला तुमच्या टेबलावर स्वस्त नवा प्रोसेसर आला, असा हिशेब धरू नका. शिवाय पहिल्या खेपेचा माल घेण्यात धोका असतो. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या वरच्या मॉडेलांत व्होल्टेजची गडबड निघाली. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीला दुरुस्तीचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्रॅम) काढावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. ज्यांच्या हातात पार्टीची डिलिव्हरी असते त्यांनी नव्या पिढीला सहा महिने दुसऱ्यांच्या टेबलावर चालू द्यावं.

थांबावं की घ्यावं हे ठरवताना मी एकच गोष्ट बघते: ज्या सॉकेटवर आपण उभे आहोत तो उगवतीला आहे की मावळतीला. उगवत्या सॉकेटवर थांबणाऱ्याचा फायदा होतो. दर वर्षी त्याच बोर्डावर जास्त चांगला माल बसतो आणि जुना स्वस्त होतो. मावळत्या सॉकेटवर उलटं होतं. एएम४ साठी आता मोठं काही नवं येणार नाही. जे चांगले प्रोसेसर आहेत त्यांचा माल संपत जाईल आणि मग फक्त सेकंडहँड उरेल. ५८००एक्स३डी चं हेच झालं. त्याचं उत्पादन २०२४ मध्ये थांबलं आणि आता लोक वापरलेल्याचेही चढे भाव सांगतात. त्याच्या मागे तुम्ही लागू नका, त्यातली जादा कॅश मेमरी गेमिंगला कामाची, एडिटिंगला फारशी नाही. पण ५७००एक्स अजून नवा, डबाबंद मिळतो, तोवर घेऊन टाका. आईंचं 'चालतंय ना, मग का घेतोस' हे म्हणणंही या हिशेबात बसतं. त्या मशीनबद्दल बोलताहेत, आणि मशीन खरंच चालतंय.

५७००एक्स चे आठ कोअर २६०० च्या सहा कोअरपेक्षा जड कामात दीडपटीहून जास्त काम काढतात. व्हिडिओ स्थिर करणं, प्रॉक्सी बनवणं, फोटोशॉपमध्ये अल्बमची पानं फिरवणं, यात फरक जाणवेल. ४:२:२ ची एकच फाइल टाइमलाइनवर असेल तर बरंच सुधारेल, पण तीन कॅमेऱ्यांच्या मल्टिकॅमला प्रॉक्सी लागेलच. सीझन संपल्यावरही ४:२:२ छळत असेल तर पुढचा खर्च ग्राफिक कार्डावर करा. एनव्हिडियाची आरटीएक्स ५० मालिका हे ४:२:२ स्वतः उलगडते. कार्ड आजच्या बोर्डावर चालेल आणि उद्या नव्या मशीनमध्येही जाईल. कार्ड घेण्याआधी एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) किती वॉटचा आहे ते तेवढं बघा.

समजा तुमचा बोर्डच कुरकुर करत असता, तर मी वेगळं सांगितलं असतं. इंटेलचा १२ व्या पिढीचा आय५ १२४०० आणि डीडीआर४ चालणारा बी६६० किंवा बी७६० बोर्ड. तुमची रॅम तशीच वापरता आली असती आणि इंटेलचं आतलं ग्राफिक ११ व्या पिढीपासून एच.२६५ चं ४:२:२ उलगडतं. असा सल्ला ज्यांना लागू पडतो त्यांनी नावाच्या शेवटी 'एफ' असलेलं मॉडेल घेऊ नये. थोडं स्वस्त मिळतं, पण त्यात आतलं ग्राफिकच नसतं.

आता बसवण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नुकसान होतं ते इथे. २०१९ च्या बोर्डाला ५७००एक्स ओळखता येणार नाही, आधी बायोस (बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम) अपडेट करावा लागेल. गंमत बघा, मे २०२० मध्ये एएमडीने बी४५० वर ही पिढी चालणार नाही असं सांगितलं होतं. ग्राहकांनी एवढा आरडाओरडा केला की काही दिवसांतच निर्णय फिरवावा लागला. त्या लोकांचं भांडण आज तुमच्या उपयोगी पडतंय. बोर्डावर छापलेलं पूर्ण मॉडेल आणि रिव्हिजन नंबर बघा, कंपनीच्या साइटवर प्रोसेसरच्या यादीत ५७००एक्स आहे ना आणि कुठल्या बायोसपासून आहे ते तपासा. अपडेट जुना २६०० बसलेला असतानाच करायचं, काढल्यावर नाही. आणि मशीन यूपीएसवर असल्याशिवाय त्याला हातच लावू नका. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्ड मेलाच समजा. आपल्याकडची वीज तुम्हाला ठाऊक आहे. यूपीएसची बॅटरी उतरलेली असेल तर ती आधी बदला, प्रोसेसर नंतर.

कूलर काढताना घाई करू नका. एएम४ च्या प्रोसेसरला खालून पिना असतात, आणि सहा-सात वर्षांची पेस्ट वाळून चिकटलेली असते. सरळ वर ओढलं तर कूलरसोबत प्रोसेसर उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा-पंधरा मिनिटं एखादं रेंडर चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग मशीन बंद करून, वायर काढून, कूलर हलके हलके डावीउजवीकडे फिरवत सैल करा.

५७००एक्स च्या डब्यात कूलर येत नाही, हे दुकानदार बऱ्याचदा शेवटी सांगतो. तुमच्या २६०० चा छोटा कूलर बसेल, पौष-माघात चालेलही. पण मशीनची परीक्षा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला. खोलीत चाळीस-बेचाळीस अंश असताना प्रोसेसर पुण्याच्या पंचवीस अंशांतल्यापेक्षा तेवढाच जास्त तापतो, आणि नव्वदच्या जवळ गेला की तो स्वतःचा वेग कमी करतो. तुम्ही पैसे मोजलेत आठ कोअरच्या वेगाचे, आणि ऐन लग्नसराईत तो मिळणार नाही. म्हणून १२० मिलिमीटर पंख्याचा उभा एअर कूलर घ्या. एएम४ चे बहुतेक कूलर एएम५ वरही बसतात, तो खर्च वाया जात नाही. जिनिंग चालू असतात त्या दिवसांत कापसाचे बारीक तंतू हवेत असतात आणि ते कूलरच्या पात्यांत नमद्यासारखे बसतात. महिन्यातून एकदा ब्लोअर मारा, पंखा बोटाने धरून.

रॅमची तपासणी करताना दोन पट्ट्या आहेत की एक, तेही बघून ठेवा. एकच १६ जीबीची पट्टी असेल तर तशीच दुसरी घातल्याने मेमरीही वाढते आणि वेगही. नवी महाग वाटली तर वापरलेली डीडीआर४ घ्यायला हरकत नाही, रॅम सहसा झिजत नाही. दुकानातच मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवून दाखवायला सांगा.

बिल पक्कंच घ्या. डबाबंद प्रोसेसरला तीन वर्षांची कंपनी वॉरंटी असते, ट्रेमधला सुटा प्रोसेसर घेतला तर दुकानदार देईल तेवढीच. तुमचा जीएसटी नंबर नेहमीच्या योजनेतला असेल तर १८ टक्के कर वजा मिळतो, कंपोझिशनमध्ये असाल तर नाही. आणि मार्चअखेर कुणी म्हणालं की अख्खं मशीन आता घ्या, टॅक्समध्ये बसेल, तर लक्षात ठेवा: संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, पण त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्माच. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेखाली रिटर्न भरत असाल तर तोही वेगळा मिळत नाही.

वेळेचं म्हणाल तर पौष संपायच्या आत हे काम उरका, आणि मशीन उघडण्याआधी न पोचवलेल्या प्रत्येक लग्नाचं फुटेज दुसऱ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क घरी नेऊन ठेवा. फेरे पुन्हा घेता येत नाहीत. यंदा, २०२६ मध्ये, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, मुहूर्त नाहीत. त्या महिन्यात शांतपणे बसून बघा, ग्राफिक कार्ड लागतंय का, रॅम खाली आली का. उरलेले पैसे तोवर बँकेत राहू द्या. विंडोजची काळजी करू नका. विंडोज १० ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, पण २६०० आणि ५७००एक्स दोन्ही विंडोज ११ च्या यादीत आहेत. बायोसमध्ये टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू करावी लागेल एवढंच.

जुना २६०० लगेच विकू नका. सीझन संपेपर्यंत डब्यात जपून ठेवा, काही अडलं तर तासाभरात परत बसवता येईल. आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर साठ टक्क्यांवर आणि मेमरी भरलेली दिसली, तर ५७००एक्स ची ऑर्डर थांबवा आणि बोर्डाचं मॉडेल, रॅमच्या पट्ट्या किती आणि फुटेज कुठल्या डिस्कवर आहे, एवढं मला लिहून पाठवा.